पाऱ्याजवळची टिकली

झाकण जरा बेतानं उघडा, मित्रांनो. बिजागरी जुनी झाली आहे, कुरकुरते. मी एक जुनी बीपीची पेटी आहे. दवाखान्यात माझं नाव लांबलचक इंग्रजीत घेतात, ते मला स्वतःलाही नीट म्हणता येत नाही. गोंदिया जिल्ह्यात, सालेकशाच्या बाजूला, सगळे मला 'पाऱ्याची पेटी' म्हणतात. मला तेच नाव आवडतं.

माझ्या आत एक उभी काचेची नळी आहे आणि तिच्यात पारा आहे. नळीच्या शेजारी आकडे लिहिलेले आहेत. खालच्या खणात एक कापडी पट्टा आणि एक रबरी फुगा. पट्टा दंडाला गुंडाळून फुगा दाबला की पारा वर चढतो. मग हळूहळू हवा सोडतात. पारा उतरत असताना कानातल्या नळीतून नाडीचा पहिला ठोका जिथे ऐकू येतो, तो रक्तदाबाचा वरचा आकडा. एवढंच माझं काम. माणसानं तोंडानं काहीही सांगितलं तरी पारा आपल्या जागी असतो, त्यामुळे मी पहिल्यापासून थोडी ताठ आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कोणी नाक मुरडायला नको.

आणि हे बघा, एकशे चाळीसच्या आकड्याशेजारी एक लाल टिकली आहे. बाई कपाळाला लावते तीच, साधी, कापडी. कारखान्यातून निघाले तेव्हा ती माझ्या अंगावर नव्हती. ती कशी आली, हे सांगायला मी आज बसले आहे.

माझा पहिला मुक्काम जबलपूरच्या एका दुकानात होता. काचेच्या कपाटात, थर्मामीटरच्या शेजारी. १९९९ साल संपत आलं होतं. एके दिवशी फौजी दवाखान्यातले चारपाच जण दुकानात शिरले. त्यांच्या एका जोडीदाराची सेवा संपत होती आणि निरोपाची भेटवस्तू घ्यायची होती. अशा वेळी माणसाला भिंतीवरचं घड्याळ देतात. पण या माणसानं आधीच सांगून ठेवलं होतं की घड्याळ नको, बीपीची पेटी द्या. त्याचं नाव हवालदार सेवकराम गजभिये. फौजेच्या दवाखान्यात त्यानं आयुष्यभर रुग्णांची सेवा केली होती. डोंगरावर, वाळवंटात, जिथे पाठवलं तिथे.

गोंदियाला गाडी बदलून आम्ही सालेकशाला उतरलो. सेवकरामची बायको नीला हिनं पेटी उघडून पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"लोकं फौजेतून येतानी पेटीभर सामान आनतेत," ती म्हणाली. "तुमी पेटीच आनली. अना तिच्यात फुगा."

"तुहा हात दे आधी," सेवकराम म्हणाला.

असा माझा पहिला दंड नीलाचा. तिची तब्येत ठणठणीत होती आणि जीभही.

आता सेवकरामला मी कशाला हवी होते, ते सांगते. सालेकशाच्या भोवती जंगलाला लागून लहान लहान गावं आहेत. त्या गावांतून कितीतरी माणसं फौजेत गेली आणि म्हातारी होऊन परत आली. कोणाचे गुडघे बर्फात गेलेले, कोणाच्या कानात तोफेचा आवाज कायमचा बसलेला. फौजेचा दवाखाना होता तो थेट नागपूरजवळ. तिथे जायचं म्हणजे पहाटे गाव सोडायचं, कचारगडच्या बाजूची माणसं तर स्टेशनापर्यंतच पायी यायची, मग गाडी, मग दुसरी गाडी. एवढं करून कोण जातो? दुखणं अंगावर काढायचं आणि गप्प बसायचं. सेवकराम सुट्टीवर येई तेव्हा हे पाही. माणूस धडधाकट दिसायचा आणि पुढच्या सुट्टीला त्याच्या फोटोला हार घातलेला असायचा. म्हणून त्यानं घड्याळ मागितलं नाही.

"मी डॉक्टर नाई," तो सगळ्यांना सांगे. "मी मोजतो. जास्त निंघालं तर डॉक्टरकडे धाडतो. त्याच्यापुढं माहं काम नाई."

पेन्शनच्या दिवशी आसपासचे सगळे माजी सैनिक सालेकशाच्या बँकेत येत. बँकेला लागून भैय्यालालचं चहाचं दुकान होतं. त्याच्या ओसरीवर सेवकरामनं एक टेबल मांडलं, वर धुतलेला पांढरा कपडा टाकला आणि मधोमध मला ठेवलं. मी कशी ऐटीत उभी होते म्हणून सांगू! वाटलं, आता रांग लागेल.

कुत्रंसुद्धा आलं नाही.

म्हणजे माणसं आली, चहा प्यायली, जुन्या पलटणीच्या गप्पा मारल्या, माझ्याकडे तिरक्या नजरेनं पाहिलं आणि निघून गेली. दुकानदार भैय्यालाल मात्र बाही वर करून बसला. "अरे साब, पहले मेरा देखो ना. फोकट में है तो दोनों हाथ का देख लो." त्या दिवशी मी भैय्यालालचे दोन दंड आणि एका म्हशीच्या व्यापाऱ्याचा एक दंड मोजून घरी आले.

महिनोन् महिने हेच चाललं. कारण काय होतं, ते मला हळूहळू कळलं. फौजेत आजारी जवानांची सकाळी वेगळी रांग लागते, तिला सिक रिपोर्ट म्हणतात. त्या रांगेत वारंवार उभा राहणारा जवान कामचोर ठरतो. जोडीदार हसतात. डॉक्टरनं खरंच काही शोधून काढलं तर त्याची तब्येतीची कॅटेगरी उतरते आणि बढती अडते. म्हणून फौजी माणूस ताप अंगात घेऊन पळतो, पण 'सब ठीक है साब' म्हणायचं सोडत नाही. वर्दी उतरली, केस पिकले, तरी ते बोल जिभेवरून उतरले नव्हते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसंच.

दुसरं कारण होतं सुभेदार भोजराज बिसेन.

सुभेदार साहेब त्या सगळ्यांत हुद्द्यानं मोठे. पांढऱ्या मिशा, कडक इस्त्री, बूट असे चमकत की भैय्यालालच्या दुकानातलं कुत्रं त्यात तोंड पाही. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. सेवकरामनं पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे पट्टा धरला होता.

"साब, पहले आप."

"कायले?" साहेब म्हणाले. "मी फिट हाव. ज्याले सिक रिपोर्ट करायचा हाय त्यानं करावा."

झालं. मोठ्यानं हात मागे घेतला, आता धाकट्यानं पुढे कसा करायचा? फौजेत असं होत नसतं.

पण पोटात भीती सगळ्यांच्याच होती. एक दिवस लान्स नायक मंगरू उईके दुकानाच्या मागच्या बाजूनं आला. तिथे भैय्यालालच्या भट्टीची लाकडं रचलेली असत. मंगरूनं लाकडाआडून सेवकरामला खुणावलं.

"हवालदार, जरा मागं या ना. पेटी घेऊन या."

"समोर काऊन नाई बसत गा?"

"सुभेदारसाब बसून राह्यले ना तिथं."

तर मित्रांनो, माझी खरी नोकरी लाकडाच्या ढिगाआड सुरू झाली. मंगरूचा आकडा बराच वर निघाला. सेवकरामनं त्याला आमगावच्या डॉक्टरकडे धाडलं, गोळी सुरू झाली आणि त्याची सकाळची घेरी थांबली. ही बातमी हळूच पसरली. मग एकेक जण 'जरा लघवीला जाऊन येतो' म्हणून मागे येऊ लागला. भैय्यालाल म्हणे, "इन फौजियों को मेरी चाय बहुत लगती है." चोरीच्या मालासारखी मला झोळीत घालून मागे नेत आणि पुढे आणत. सगळ्यांचा हात माझ्या पट्ट्यात येऊन गेला. एकटे सुभेदार साहेब समोरच्या बाकावर ताठ बसून राहिले. त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

सेवकरामला घोर लागला होता तो त्यांचाच. घरी आल्यावर तो नीलाला म्हणे, "साबचा चेहरा लाल दिसते. एवढा रागीट मानूस. एक दिवस धाडकन पडन आनि आपन पेटी घेऊन पाहत राहू." मलाही तसंच वाटायचं. त्यांच्या दंडाभोवती एकदा तरी पट्टा बसावा म्हणून मी झुरत होते.

पुढे सरकारनं माजी सैनिकांसाठी दवापाण्याची नवी योजना आणली. कार्ड काढायचं. मग तपासणी, गोळ्या, मोठा दवाखाना, सगळं त्या कार्डावर. फौजीचं आणि त्याच्या बायकोचंही. सेवकरामनं गावोगाव सायकल हाणली आणि बहुतेकांची कार्डं काढून दिली. सुभेदार साहेबांनी मात्र मान हलवली.

"कार्ड काढनं म्हनजे आपन बीमार हाव असं लिहून देनं होय," ते म्हणाले. "मी दस्तखत करनार नाई."

"साब, वहिनीसाठी तरी काढा."

"रुख्मिणीले काय झालं? ती जलमात बीमार नाई पडली."

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते. दुकानं लागतात, रात्री दंडार म्हणजे नाचगाण्याचं नाटक होतं, आणि घराघरात पाहुणे येतात. त्या वर्षी सुभेदार साहेबांच्या गावच्या मंडईला त्यांनी सगळ्या जुन्या फौजींना जेवायला बोलावलं होतं. सेवकरामनं मला झोळीत घेतलंच. नीला म्हणाली, "जेवाले चालले की लढाले?" पण तो ऐकणारा नव्हता.

आंगणात खाटा टाकल्या होत्या. जेवणं झाली, सुपारी फिरली आणि सेवकरामनं पुन्हा कार्डाचा विषय काढला.  साहेबांच्या मिशा हलल्या. मग ते एकदम हसले.

"तुमाले हा खेळच करायचा हाय ना? मंग पाहा. कोनाचाई हात घ्या, जो मानूस काम करते त्याले काई होत नाई. रुख्मिणी, इकडे ये वो. हात दे हवालदारले."

रुख्मिणीबाई चुलीपुढून उठून आल्या. पाहुण्यांसाठी पहाटेपासून वडे तळत होत्या. हाताला पीठ, कपाळावर घामानं ओली झालेली लाल टिकली. पदराला हात पुसून त्या खाटेच्या कडेला टेकल्या. त्यांच्या आयुष्यात तोवर कोणी त्यांचा दंड मोजला नव्हता.

सेवकरामनं पट्टा बांधला, नेहमीएवढा फुगा दाबला आणि हवा सोडली. पण ठोका आधीच सुरू होता. म्हणजे पारा अजून वर न्यायला हवा होता. तो थांबला. पट्टा सैल केला, त्यांना पाणी दिलं, थोडा वेळ शांत बसवलं. मग पुन्हा फुगा दाबला. मी चढले. तिथवर तो मला क्वचितच नेत असे. पहिला ठोका पडला तेव्हा पारा इतका वर होता की मला स्वतःची लाज वाटली. त्यानं दुसरा दंड घेतला. तेच.

"वहिनी, डोकं दुखते का?"

"ते त रोजचंच हाय," त्या म्हणाल्या. "कधी कधी डोऱ्यापुढं अंधार येते. बसलं का जाते."

 सुभेदार साहेबांच्या हातातला पानाचा डबा तसाच राहिला.

"मले काऊन नाई सांगतलं?" त्यांनी विचारलं.

रुख्मिणीबाईंनी वर पाहिलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, मित्रांनो, म्हणूनच ते बोलणं सगळ्यांना लागलं.

"तुमी तरी कधी सांगतलं?" त्या म्हणाल्या. "या घरात बीमार पडाची रीतच कुठं हाय?"

साहेबांनी पानाचा डबा खाली ठेवला. मग त्यांनी उजवी बाही दुमडली आणि सगळ्यांसमोर माझ्यापुढे हात धरला. आम्ही ज्यांच्यासाठी इतकी वर्षं जीव टांगणीला लावला होता, त्यांचा आकडा काय निघाला सांगू? अगदी बरोबर. एखाद्या तरण्या जवानासारखा. दुसऱ्या कोणाला आनंद झाला असता. साहेबांचा चेहरा उतरला. आपलं दुखणं लपवता लपवता त्यांनी घराला लपवायला शिकवलं होतं आणि भोगत होती ती बाई. मला त्या वेळी त्यांचा फार राग आला आणि फार दयाही आली.

त्यांच्यामागोमाग आंगणातल्या सगळ्या फौजींनी बाह्या दुमडल्या. मंगरू तर असा पुढे आला, जणू आयुष्यात पहिल्यांदाच मला पाहतो आहे.

दुसऱ्या दिवशी साहेब बाईंना डॉक्टरकडे घेऊन गेले. गोळी सुरू झाली. कार्डावर दस्तखतही झाली. आणि पुढच्या पेन्शनच्या दिवशी बैलबंडीतून दोघं सालेकशाला आली. बँकेच्या आधी भैय्यालालच्या ओसरीवर.

बाईंना अक्षरओळख नव्हती. सेवकराम आकडा सांगे आणि त्या नुसती मान हलवीत. साहेबांना ते पटेना.

"हिले कसं समजन, चांगलं का वाईट?"

"मी सांगतो ना साब."

"तू सांगशीन. मंग ती घरी येऊन मले म्हनन, सब ठीक हाय. ह्या घराची सवय मले मालूम हाय."

असं म्हणून त्यांनी काय केलं असेल? बायकोच्या कपाळावरची टिकली हळूच काढली, चष्मा लावला, आकडे नीट वाचले आणि एकशे चाळीसच्या शेजारी ती माझ्या अंगावर दाबून बसवली. भर ओसरीवर, सगळ्या पलटणीसमोर. बाई लाजून चूर झाल्या. भैय्यालालनं तोंड फिरवलं.

"पाह्य," साहेब म्हणाले, "पयला ठोका आयकू आला का हवालदार टेबलावर बोट वाजवन. तवा पारा टिकलीच्या खाली असन त चांगलं. वर असन त मले सांगाचं. लपवाचं नाई."

तेव्हापासून तसंच होऊ लागलं. सेवकराम बोट वाजवी. बाई टिकलीकडे बघत आणि मान वळवून मागे उभ्या असलेल्या साहेबांना म्हणत, "खाली हाय." साहेब म्हणत, "ठीक." तेवढंच त्यांचं बोलणं. पण मी कितीतरी जोडपी पाहिली, त्यांच्यात एवढंही बोलणं होत नाही.

आणि ओसरीवर नवा हुकूम निघाला. "पयले बाया, मंग फौज." फौजींच्या बायका, शहीद जवानांच्या विधवा, कोणाची म्हातारी आई, सगळ्या आधी बसू लागल्या. मागची लाकडं आता फक्त भट्टीला लागत.

तो एक उन्हाळा मात्र मी विसरणार नाही. लग्नसराई होती. बिसेनांच्या भावकीत लग्न होतं आणि त्या गडबडीत बाईंच्या गोळ्या संपल्या. लग्नघरात स्वतःच्या गोळ्यांचं कोण बोलतं? पेन्शनच्या दिवशी त्या ओसरीवर बसल्या. सेवकरामनं बोट वाजवलं तेव्हा पारा टिकलीच्या कितीतरी वर होता. बाईंनी पाहिलं.  मला धाकधूक झाली की आता या जुन्या सवयीनं 'काई नाई' म्हणतील.

त्यांनी मान वळवली. "वर हाय," त्या म्हणाल्या. "अना सांगून टाकतो, सकारपासून डावा हात सुन्न पडून राह्यला. तांब्या धरता आला नाई."

सेवकराम ताडकन उठला. "साब, आता घरी नाई. सरळ गाडी."

गोंदियाकडे जाणारी पॅसेंजर यायची वेळ झालीच होती. मंगरूनं बाईंना पाठीशी हात देऊन धरलं, भैय्यालालनं दुकान उघडं टाकून आपली मोटारसायकल काढली, सेवकरामनं मला झोळीत कोंबलं. साहेबांच्या खिशात कार्ड होतंच, ते ते नेहमी जवळ बाळगत. गाडी आली ती खचाखच भरलेली. लग्नाची वऱ्हाडं, टोपल्या, पोरंबाळं. दारातली माणसं जागा द्यायला तयार नव्हती.

तेव्हा सुभेदार साहेबांनी हात जोडले. मी झोळीतून ऐकलं.

"भाई, रास्ता दो," ते मोठ्यानं म्हणाले. "मेरे घर में बीमार है. मेरी घरवाली बीमार है."

जो शब्द त्यांनी आयुष्यभर तोंडातून काढला नव्हता, तो त्यांनी फलाटभर ऐकू जाईल असा उच्चारला. लोक सरकले. एका नवरदेवानं आपली जागा दिली. बाईंचं डोकं साहेबांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर टेकलं आणि गाडी सुटली. गोंदियाला गाडी बदलताना सेवकरामनं पुढे फोन करून ठेवला. नागपूरजवळच्या फौजी दवाखान्यात पोचलो तेव्हा दारात चाकाची खाट उभी होती.

डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या की दुखणं लपवून रात्र काढली असती तर हात गेला असता, कदाचित बाईही गेल्या असत्या. वेळेवर सांगितलं म्हणून वाचल्या. हातातली ताकद हळूहळू परत आली. दिवाळीनंतरच्या मंडईला त्यांनी पुन्हा वडे तळले, थोडे वेडेवाकडे. साहेबांनी ते सगळ्यांना आग्रह करून खायला घातले. कोणी वाकड्या वड्याकडे बोट दाखवायची हिंमत केली नाही.

ती वर्षं माझी सुखाची. पेन्शनचा दिवस आला की नीला मला फडक्यानं पुसून काढी. काच पुसताना ती टिकलीला धक्का लागू देत नसे. डिंक सुटू लागला तर बोटानं पुन्हा दाबी.

मग काळ बदलला. हातावर बसणारी नवी डबी आली. बटण दाबलं की स्वतःच फुगते, टीं टीं करते आणि आकडा दाखवते. कानामागून आली आणि तिखट झाली. वरून असंही कळलं की माझ्यातला पारा विषारी, नळी फुटली तर घात होतो, म्हणून दवाखान्यांतून माझ्या बहिणींना रजा देत आहेत. ते खरंच आहे, मित्रांनो. मी त्यावर भांडणार नाही. माझं रबरही तडकलं होतं, ते सेवकरामनं एकदा बदललं, पण माझे दिवस भरले हे मला समजलं. मला फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवलं. वर्षभर मी पालीशिवाय कोणाला पाहिलं नाही. ओसरीवर टीं टीं चाले, ते घरापर्यंत ऐकू येत नसे, तरी मला ऐकू येई.

त्याच हिवाळ्यात सुभेदार साहेब गेले. वय झालं होतं. छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यांनी लगेच बाईंना सांगितलं. दवाखान्यात पोचले, मुलगा ओमेश भिलाईहून येईपर्यंत बोलत होते. सेवकराम नीलाला सांगताना रडला. "साब काई लपवून नाई गेले," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

महिना दोन महिने गेले. पेन्शनच्या दिवशी रुख्मिणीबाई एकट्या आल्या. नवी डबी त्यांनी हातानं दूर केली.

"हे आवाज करते, पन मले काई दाखवत नाई," त्या म्हणाल्या. "भाऊ, आपली पेटी कुठं हाय?"

सेवकराम घरी येऊन मला घेऊन गेला. ओसरीवर त्यानं झाकण उघडलं आणि तो थबकला. मीही त्याच वेळी बाईंचं कपाळ पाहिलं. ते मोकळं होतं. आणि माझ्या अंगावर ती लाल टिकली, तशीच. त्याला काय करावं कळेना. बाईंच्या मनाला लागू नये म्हणून त्यानं हळूच नख पुढे केलं, ती खरडून काढायला.

"राहू द्या," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

त्याचं बोट थांबलं.

"कपाराची गेली. ते आपल्या हातात नोहतं," त्या म्हणाल्या. "ही त्यायनं इथं लावली. ही राहू द्या."

सेवकरामनं पट्टा बांधला. मी चढले, जपून, माझ्या जुन्या रबरी नळ्यांसह. मग उतरू लागले. त्यानं टेबलावर बोट वाजवलं. बाईंनी टिकलीकडे पाहिलं आणि सवयीनं मान मागे वळवली.

मागे कोणी नव्हतं. रिकामा बाक होता.

"खाली हाय," त्या बाकाकडे पाहून म्हणाल्या.

त्यानंतर आजवर मी पुन्हा मोजायला बसले नाही. भैय्यालालच्या ओसरीवर नवी डबीच चालते आणि बाईंनाही तिची सवय झाली. आकडा निघाला की सेवकराम 'खाली' किंवा 'वर' म्हणतो आणि त्या मान हलवतात. मी सेवकरामच्या कपाटात आहे. पुन्हा बघायला या, पण पाऱ्याशी खेळू नका, तो तुम्हाला बाधेल. आणि तुमच्या घरी कोणी 'मला काही झालं नाही' म्हणालं, तर त्याला एकदा जास्त विचारा. जी कधीच काही म्हणत नाही, तिला तर आधी विचारा.

आणि कधी मला पुसायला घेतलंत, तर काच पुसा, झाकण पुसा. टिकली तेवढी राहू द्या.